मी बघितलं की आपण हरतो

भारतीय हॉकीचं मधल्या काळात जे काही झालं, त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही. लोक कृत्रिम गवताला दोष देतात, निवड समितीला देतात, क्रिकेटला तर सगळेच देतात. चारचौघांत असा विषय निघाला की मी खाली मान घालून ऐकून घेतो आणि चहा सांगायच्या निमित्ताने उठतो. कारण आमच्या मुरुडच्या घरात या प्रश्नाचा निकाल मी दुसरीत असतानाच लागला होता, आणि तो माझ्या विरुद्ध होता.

माझे बाबा तरुणपणी खडकीला एका कारखान्यात होते. तिथल्या कामगारांच्या संघातून ते हॉकी खेळत. पुढे आजोबांची वाडी बघायला कोणी उरलं नाही म्हणून ते परत आले आणि मुरुडच्या बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री झाले. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक, गुडघ्याचं दुखणं आणि हॉकीची काठी एवढं आणलं. सगळं गाव क्रिकेटवेडं. समुद्राच्या पुळणीवर ओहोटी लागली की पोरं स्टंपा रोवायची. त्यात बाबा एकटे हॉकीवाले, म्हणजे कोळीवाड्यात एकच माणूस शाकाहारी असावा तसे. त्यांची काठी दाराआड उभी असायची. आई त्या काठीने शेवग्याच्या शेंगा काढायची. वाकडं टोक फांदीत बरोबर अडकायचं. बाबांना ते बघवत नसे, पण शेंगांची आमटीही त्यांना फार आवडायची, त्यामुळे ते काही बोलत नसत.

तर त्या दिवशी टीव्हीवर सामना चालू होता आणि आईने उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा वाडगा देऊन मला बाहेरच्या खोलीत पाठवलं. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि आपल्यावर गोल झाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत. एखादा आवाज कुठून येतो हे यंत्राला कान लावून शोधावं तसं पाहिलं. त्यांनी मला आत पाठवलं. थोड्या वेळाने शेंगांची टरफलं उचलायला मी पुन्हा आलो, आणि पुन्हा गोल झाला. यंत्रातला दोष सापडला होता.

"दिनू," बाबा अगदी प्रेमाने म्हणाले, "जरा अंगणात जाऊन बस बघू."

"अहो, तो काय गोलकीपर आहे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"गोलकीपर असता तर बरं झालं असतं. निदान हात तरी घातला असता मध्ये."

तेव्हापासून हॉकीचा सामना म्हटला की माझी जागा ठरलेली. मागच्या अंगणात, सुपारीखाली, घराकडे पाठ करून. बाबांनी मला कधीही पनवती म्हटलं नाही, तो शब्द त्यांच्या तोंडी नव्हताच. ते म्हणायचे, "त्याची नजर जरा जड आहे." पाहुण्यांनाही असंच सांगायचे, एखाद्याचं पोर डावखुरं आहे असं सांगावं तसं. आई मला बाहेर ताट आणून द्यायची. तांदळाची भाकरी, परतलेला जवळा, कधी बांगड्याचा मधला तुकडा. "खा," म्हणायची, "तुझ्या बापाचं डोकं बर्फात ठेवायला पाहिजे." मी खायचो आणि ऐकायचो. हॉकी मी कानांनी शिकलो. टीव्हीचा आवाज अंगणात नीट पोचत नसे, पण बाबांचा पोचायचा. त्यांनी मांडीवर थाप मारली की आपला चेंडू. नुसता खोकला आला की गेला. बराच वेळ काहीच आलं नाही, तर पेनल्टी कॉर्नर. कॉर्नरला मी श्वाससुद्धा हळू घ्यायचो. तरीही आपण हरायचो, आणि मग बाबा मागच्या दारात येऊन विचारायचे, "वळून पाहिलंस का रे?" मी पाहिलेलं नसायचं. पण मनातल्या मनात पाहिलं असेल, अशी शंका मला नेहमीच यायची.

ही शंका मला अजून येते, हे इथेच सांगून टाकतो. सध्या मी पनवेलच्या एका कचेरीत आहे. तिथे दर सोमवारी एक बैठक होते. मागच्या आठवड्यात काय बिघडलं आणि का बिघडलं, यावर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान साहेब प्रश्न विचारतात. "याची जबाबदारी कोण घेणार?" असं ते म्हणाले की माझा हात आपोआप वर जातो. परवा तर दुसऱ्या विभागाचं लिफ्टमध्ये अडकलेलं पार्सल होतं, त्यालाही मी हात वर केला. साहेबांनी माझं कौतुक केलं आणि ते काम कायमचं माझ्याकडे दिलं.

त्या अंगणातल्या दिवसांत मला आधार होता तो रविवारच्या कार्टूनचा. जपानमधून आलेलं, हिंदीत बोलणारं कार्टून. त्यातल्या पोराचे डोळे बशीएवढे, केस निळे, आणि हातात धनुष्य. बोलणं संपलं तरी त्याचं तोंड थोडा वेळ हलत राहायचं. तो एका रविवारी बाण ओढायचा. मग वारा सुटायचा, पानं उडायची, त्याला त्याचा म्हातारा गुरू आठवायचा, लहानपण आठवायचं, गुरूचं लहानपणही आठवायचं, आणि कार्यक्रम संपायचा. बाण सुटायचा पुढच्या रविवारी. पोचायचा त्याच्या पुढच्या. कार्टूनला माझी नजर चालत असे, त्यामुळे ते मी आत बसून, बाबांच्या शेजारी बघायचो. बाबा हातात चहाची बशी धरून चिडायचे. "अरे सोड की एकदाचा! समोरचा राक्षस काय जेवायला गेलाय?" पण उठून जायचे नाहीत. मी मात्र ते सगळं खरं मानायचो. त्या गुरूचं म्हणणं असं, की जो लढाईपासून लांब बसून मन घट्ट धरतो, तोही बाण ओढतच असतो. हे ऐकल्यावर माझा ऊर भरून आला. म्हणजे अंगणात बसणं ही शिक्षा नव्हती, कामगिरी होती. पुढच्या सामन्याला मी डोळे मिटून, मन घट्ट धरून बसलो. आपण चार गोलांनी हरलो. मला वाटलं, माझंच मन कुठेतरी सैल पडलं.

अलीकडेच ते कार्टून माझ्या मुलीने फोनवर शोधून दिलं. ती दहा-दहा सेकंद पुढे ढकलत बघते. बाण ओढला, पोचला, राक्षस मेला, दोन मिनिटांत विषय संपला. "बाबा, यात एवढं काय होतं?" तिने विचारलं. मला तिला सांगता येईना, की मधलं जे तू ढकललंस तेच होतं.

बारावी झाल्यावर मी बाबांच्याच कारखान्यात लागलो. बर्फाचा कारखाना बाहेरून दिसतो तसा आत थंड नसतो. कॉम्प्रेसरच्या खोलीत घाम निथळतो, अमोनियाचा वास नाकात बसतो. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवायचे, पाणी गोठलं की डबे साध्या पाण्यात धरायचे, मग लादी सुटते. ती लोखंडी आकड्याने ओढत कोठीत न्यायची. कोठी म्हणजे बर्फ साठवायची खोली. जाड भिंती, आत भाताचा तूस भरलेला. दार गादीएवढं जाड, कडेने रबराची पट्टी, आणि कडी बाहेरून. ते दार नुसतं ओढून घेतलं तर सावकाश उघडतं आणि थंडावा बाहेर जातो, म्हणून आत माणूस असला तरी बाहेरचा कडी घालणार, असा तिथला रिवाज. आतल्याचं काम झालं की त्याने आकड्याने दारावर दोनदा ठोकायचं. कोण आत आहे हे बाहेरच्याने लक्षात ठेवायचं. सगळा कारभार या लक्षात ठेवण्यावर.

मालकांनी कारखाना त्यांच्या जावयाच्या हाती दिला होता. त्यांना आम्ही जावईबापूच म्हणत असू, तोंडावर साहेब. ते मुंबईहून व्यवस्थापनाचा कसलासा कोर्स करून आले होते आणि आल्या आल्या त्यांनी भिंतीवर सुविचारांच्या पाट्या लावल्या. कॉम्प्रेसरच्या खोलीत, जिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे 'शांतता राखा'. त्यांना सगळ्यात जास्त छळायचा तो बर्फ.

"मिस्त्री, काल कोठीत लाद्या चांगल्या मोठ्या होत्या. आज बारीक का?"

"साहेब, बर्फ आहे. वितळतो."

"दर वेळी वितळतो?"

"दर वेळी, साहेब," बाबा म्हणायचे.

जावईबापू मग आम्हा सगळ्यांकडे बघून विचारायचे, "याला जबाबदार कोण?" आणि क्रशरवरचे याकूबभाई माझा हात खाली दाबून धरायचे. "पोरा, उन्हाळ्याची जबाबदारी तू घेऊ नको. ती वरच्याची आहे." याकूबभाई बर्फाचा चुरा करायचे आणि दिवसभर कोणाची तरी थट्टा. गावात बाबांबरोबर हॉकी बघणारे ते एकटेच.

आणि मग त्या वर्षी, खूप वर्षांनी, आपला संघ एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना नेमका नारळी पौर्णिमेनंतरच्या दिवसांत आला. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागलेल्या, बर्फाला तोंडं अनेक, रजा मागायची सोय नाही. याकूबभाईंनी घरचा छोटा टीव्ही गोणपाटात गुंडाळून आणायचं ठरवलं. जावईबापू ऐकणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "लावा. पण मी देखरेखीला बसेन." त्यांना घरी सासऱ्यांसमोर बसायचं नसावं.

त्या दिवशी सकाळी चहाला बसल्यावर मी बाबांना विचारलं. मी आता मिळवता होतो, मला मिशी होती, आणि हा प्रश्न मी आठवडाभर मनात घोळवला होता.

"बाबा, आज मी आत बसू तुमच्याबरोबर?"

बाबांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. पाव बुडवला. पाव मोडून चहात पडला, तो त्यांनी चमच्याने काढला.

"आज फायनल आहे, दिनू."

"म्हणूनच विचारतोय."

"म्हणूनच नको म्हणतोय."

"विसाव्या वर्षी कोणाला अंगणात बसवतात का हो?" आई म्हणाली. "लग्न झालं की सुनेला काय सांगणार? सामना आहे, नवऱ्याला बाहेर घे?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले. "देशाचं काम आहे." आणि मग माझ्याकडे न बघता, "पुढच्या वेळी बघू." ही पुढची वेळ मी दुसरीपासून ऐकत आलो होतो. मला हॉकी बघायची तशी फार हौस नव्हती, हे आज कबूल करतो. मला बाबांच्या शेजारची ती खुर्ची पाहिजे होती, ज्यावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर ते चुकून थाप मारायचे.

सामना सुरू झाला तेव्हा मी टाकीपाशी डबे काढत होतो, टीव्ही पलीकडच्या खोलीत, मध्ये भिंत. कॉम्प्रेसरच्या आवाजात मला बाबा ऐकू येत नव्हते, फक्त जावईबापू यायचे, कारण ते सारखे विचारत होते. "हा शिट्टी का वाजवतो?" "पाय लागला, साहेब." "मग लागू दे की, पाय आहे त्याला." होडीसाठी बर्फ न्यायला आलेला पांडू तांडेल दारात उभा राहून ओरडत होता, "मिस्तरी, बरफ हाय का न्हाय? माजी होरी खोलंबली!" मग त्याचाही आवाज बंद झाला. मी भिंतीआडून पाहिलं नाही, पण टोपली उलटी करून ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की तोही बसला.

सामना बरोबरीत सुटला. जादा वेळही तसाच गेला. आता पेनल्टी स्ट्रोक. बाबा बाहेर आले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"दिनू, कोठीत जा."

"मी भिंतीमागेच आहे ना, बाबा. मला इथून काही दिसत नाही."

"भिंत पातळ आहे."

मागून जावईबापूंनी विचारलं, काय भानगड आहे. याकूबभाईंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, हा शिकलेला माणूस हसेल, मला आत बोलावेल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग रिस्क कशाला घ्यायची?" त्यांच्या कोर्सचा त्या कारखान्याला झालेला हा एकमेव उपयोग.

बाबांनी आपला जुना स्वेटर माझ्या अंगावर टाकला, मला आत ढकललं आणि कडी घातली.

कोठीत एक मिणमिणता दिवा, लाद्यांच्या रांगा आणि माझी वाफ. मी गोणपाट अंथरून बसलो. अंगणात निदान बाबांची थाप ऐकू यायची. इथे काहीच नाही. कान बधिर झाल्यासारखे. मी निळ्या केसांच्या त्या पोराला आठवलं. मन घट्ट धरलं. आपला खेळाडू चेंडूपाशी आला असेल. आता वारा सुटला असेल. आता त्याला त्याचं लहानपण आठवत असेल. मी त्याच्या वतीने माझंही आठवलं, सुपारीच्या झाडापासून. एवढं सगळं आठवून झालं, पाय बधिर झाले, तरी कोणी येईना. मग वाटलं, जिंकले असणार. जिंकून सगळे बाजारापर्यंत नाचत गेले असणार आणि मला विसरले असणार. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. माझ्याशिवाय जिंकले, तर निदान अंगणातली सगळी वर्षं कामाला आली.

कडी निघाली. बाबा एकटे आत आले. दार त्यांनी मागे उघडंच टाकलं, जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. ते समोरच्या लादीवर बसले, खाली गोणपाटसुद्धा न घेता.

"हरलो?" मी विचारलं.

"शेवटचा बाहेर मारला," बाबा म्हणाले. "साधा स्ट्रोक. समोर मोकळी जागा. मी मारला असता."

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू इथेच होतास?"

हा प्रश्न त्यांनी नेहमीसारखा विचारला नव्हता. मला तो कळला. मी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, जाड दाराच्या आणि तुसाच्या भिंतींच्या मागे होतो, आणि तरी आपण हरलो होतो. इतक्या वर्षांत मला मिळालेला हा पहिला पुरावा. 'बघा बाबा, मी नव्हतो,' एवढं म्हणायचं होतं आणि ती शेजारची खुर्ची माझी होती. पण बाबांच्या चेहऱ्यावर मला तो हिशेब आधीच मांडला जाताना दिसला. मी नव्हतो, म्हणजे मी कधीच नव्हतो. म्हणजे सुपारीखाली पाठ करून बसलेलं पोर हे देशाचं काम नव्हतं. नुसतंच बाहेर बसवलेलं पोर होतं. एकाच दिवशी एका माणसाने दोनदा कशाला हरायचं?

"मध्ये एकदा डोकावलो, बाबा," मी म्हटलं.

"कधी?"

"शेवटच्या स्ट्रोकला."

बाबांनी दाराकडे पाहिलं. कडी त्यांनीच घातली होती, त्यांनीच काढली होती. दाराची रबराची पट्टी त्यांनी स्वतः पावसाळ्याआधी नवीन बसवली होती, आणि तिच्यातून मुंगीसुद्धा जाणार नाही असं ते सगळ्यांना सांगत असत. ते उठले, त्या पट्टीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेले, आणि तसेच माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

"तरीच," शेवटी ते म्हणाले. "फटीतून अर्धवट बघितलं की असंच होतं. नजर नीट बसत नाही, घसरते. पुढच्या वेळी समोर बसायचं. माझ्या शेजारी. सुरुवातीपासून पूर्ण बघायचं."

"आणि तरी हरलो तर?"

"तर जावईबापूंना कोठीत घालून बघू."

मग त्यांनी आकडा उचलून माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि आम्ही दोघं एक लादी दाराकडे ओढायला लागलो. लादी ओढता ओढता बाबा पहिल्या शिट्टीपासून सांगू लागले, आपला डावा हाफ कुठे उभा होता आणि तो कुठे उभा असायला हवा होता. बाहेरून पांडू तांडेल बोंबलला, "मिस्तरी, आता तरी बरफ हाय का न्हाय?"

"थांब रे," बाबा म्हणाले, "अजून हाफ टाइम व्हायचाय."